वायरमनच्या हाती सापडलेली गॅसबत्ती

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. बटण शोधू नका, मला बटण नाही. मला पेटवायचं म्हणजे आधी पोटात रॉकेल घालावं लागतं, मग गळ्यात मेंटलची पांढरी पिशवी बांधावी लागते, मग मानेखालच्या वाटीत स्पिरिट ओतून मला शेकावं लागतं आणि मग पंप मारत बसावं लागतं. एवढी सेवा करून घेतल्याशिवाय मी कुणाकडे नजर वर करून बघत नसे. आता दिवस बदलले. आता धुळ्याच्या देवपुरात एका कपाटावर बसून मी नुसती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते, आणि तेच मला भरपूर झालं.

माझा जन्म कुठला ते मला ठाऊक नाही. माझ्या टाकीवर कसलीशी परदेशी अक्षरं होती. ती धुळ्यात कुणाला वाचता येत नव्हती, हे माझं नशीबच म्हणायचं. कारण माझा मालक जहांगीर त्या अक्षरांवर बोट ठेवून गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही बत्ती राणीच्या न्हाणीघरात टांगलेली होती. राणीचा साबण हरवला की हिच्याच उजेडात सापडायचा." गिऱ्हाईक माना डोलवायचं. मीसुद्धा इतक्या वेळा ऐकलं की मला ते न्हाणीघर आठवायला लागलं.

जहांगीर लग्नाच्या वरातींना बत्त्या भाड्यानं द्यायचा. पांझरा नदीच्या अलीकडं त्याची गल्ली होती. आम्ही बऱ्याच बहिणी होतो, पण वरातीत सगळ्यात पुढं मी. माणसाच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, मागं बॅण्ड, त्याच्यामागं घोडा आणि घोड्यावर घाबरलेला नवरदेव. मुक्ताईनगरची जत्रा मी पाहिली, शिंदखेड्याचा बाजार पाहिला. रावेरकडं एकदा मला केळीच्या बागेत टांगलं होतं, तर ज्या झाडाला टांगलं त्याचा घड बाकीच्या बागेच्या आधी पिकला. खोटं वाटत असेल तर त्या घडाला विचारा.

पहूरला तर कहरच झाला. वरात गावात शिरली आणि माझा उजेड पडला कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबडे आरवले. कोंबड्यांचं ऐकून बायकांनी दारात सडे टाकले. सडे पाहून गवळ्यानं म्हशी पिळल्या. आणि नवरदेवाला वाटलं लग्न उरकून सकाळ झाली, तो हळद धुवायला आडावर जाऊन बसला. त्याला ओढून आणून लग्न लावावं लागलं. त्या म्हशींनी पुढं आठवडाभर दूध दिलं नाही म्हणतात.

जहांगीरची बायको हुस्नबानो. मेंटल बांधावं तर तिनंच. मेंटल म्हणजे रेशमी जाळीची इवलीशी पिशवी असते. एकदा पेटली की तिची राख होते, आणि ती राखच लखलखते. म्हणून पेटलेल्या मेंटलला बोट लावायचं नाही, फुंकरसुद्धा घालायची नाही. हुस्नबानो गाठ मारताना श्वास धरायची आणि सुटला की नवऱ्यावर ओरडायची, "बघत काय बसलास? चहा ठेव!"

मग गल्लीत खांब आले. तारा आल्या. तारा ओढायला शिडीवर चढला होता एक लुकडा वायरमन, त्याचं नाव लीलाधर. जहांगीरनं स्वतः त्याची शिडी धरली होती. खाली उतरल्यावर त्याला चहा पाजला. आपल्याच धंद्याचं बूड कापणाऱ्याला चहा पाजणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

खांब आले तरी वराती काही दिवस आम्हालाच बोलवत होत्या. मग हातगाड्यांवरच्या ट्यूबलायटी निघाल्या. आणि ज्या वर्षी जहांगीरच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षी मुलाकडच्यांनी निरोप धाडला, बत्त्या नकोत, जुनाट दिसतं, आम्ही ट्यूबलायटी आणतोय. साऱ्या धुळ्याच्या पोरींना उजेडात सासरी धाडणारा जहांगीर लग्नाच्या दिवशी मागच्या खोलीत आम्हा बत्त्यांपाशी बसून राहिला. वरात दाराशी आली तरी उठला नाही. मी त्याच्या अगदी समोर होते. टाकी भरलेली, पंप ठीक, काच पुसलेली. पण मला स्वतःला पेटवता येत नाही, मित्रांनो. कुणीतरी काडी ओढावी लागते.

मग हुस्नबानो आत आली. म्हणाली, "नातीच्या लग्नात दारात आपलीच बत्ती जळेल. मी जाळीन. हा माझा शब्द."

जहांगीर हसला. पुढं काही वर्षांनी तो गेला. माझ्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. हुस्नबानोनं मला एकटीला गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवलं आणि मी तिथं अंधारात नातीच्या लग्नाची वाट बघत पडून राहिले. बत्तीनं अंधारात बसणं म्हणजे काय असतं ते सुगरणीला उपाशी ठेवून बघा.

आता ती नात, मुलाची लेक महेक, मोठी झाली. जळगावच्या झैदशी तिचं ठरलं. हुस्नबानोनं पेटी उघडली. मला बाहेर काढलं. पंप जागच्या जागी चिकटलेला, दांडा हलेना. टाकीवर काळा थर. आणि बत्ती दुरुस्त करणारा जुना कारागीर तर धुळ्यात राहिलाच नव्हता.

नेमका त्याच सुमारास तो लुकडा वायरमन रिटायर झाला होता. आता लुकडा राहिला नव्हता म्हणा. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच. लीलाधरला लागलं जुन्या बत्त्यांचं. भंगारवाल्याकडून तीन गंजक्या बत्त्या आणल्या, मोबाईलवर परदेशी गोऱ्यांचे व्हिडिओ बघितले आणि बत्तीवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपात शिरला. त्यातली एक बत्ती त्याच्या हातून कशीबशी पेटली. झालं! दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःला कारागीर समजायला लागला.

त्याची बायको उषा शिंदखेड्याची, बोलणं अस्सल अहिराणी. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची. "हाई काय मांडेल शे? बठ्ठं घर वास मारी ऱ्हायनं! जन्मभर लोकेसना घरमा बिजली लाई दिन्ही, आते सोताना घरमा बत्ती लावतस का?"

लीलाधर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण कुठून तरी हुस्नबानोच्या कानावर गेलं की देवपुरात एकजण जुन्या बत्त्या पेटवतो. ती रिक्षा करून आली. मी तिच्या मांडीवर. दार उघडल्यावर तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"अरे, तू तर आमच्या गल्लीत तारा ओढणारा!"

"हो चाची."

"आमचा उजेड पळवलास, आता परत द्यायला बसलास होय?"

उषा आतून खो-खो हसली. लीलाधर कान खाजवत राहिला. हुस्नबानोनं त्याला सगळं सांगितलं. मुलीचं लग्न, मागची खोली, नवऱ्याला दिलेला शब्द. सांगताना माझ्या टाकीवरून हात फिरवत होती. शेवटी विचारलं, "बेटा, खरं सांग. जमेल?"

मित्रांनो, इथं त्यानं "बघतो" म्हणायला हवं होतं. पण शिडी धरणाऱ्या जहांगीरची त्याला आठवण झाली असावी. छाती फुगवून म्हणाला, "चाची, तुम्ही काळजीच सोडा. मला सगळं येतं."

मी त्याच्या टेबलावर आले. एक गोष्ट मला आवडली. तो मला कधी तळहातानं धरत नसे, आधी हाताची पालथी बाजू लावायचा. वायरमन लोकांची सवय असते ती, करंट असला तर हात झटकून मागं येतो म्हणे. उषा म्हणायची, "तिनामा रॉकेल शे, करंट नही!" तरी त्याची सवय जाईना.

त्यानं माझी काच धुतली. काजळी काढली. नळीत तार घालून भोक मोकळं केलं. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मला तर आनंदानं अंगात ताप चढल्यासारखं वाटत होतं. अडला फक्त पंप. लीलाधरनं पकड लावली, दोरी गुंडाळून ओढलं, दातसुद्धा लावले. दांडा हलेना.

उषा भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "तिले इचारा ना, त्या म्हातारीले. जन्म गया तिना बत्तीसमा."

"कसं इचारू? तिले सांगी बसनू, माले बठ्ठं येस!"

असं म्हणून त्यानं माळ्यावरून नोकरीतली जुनी पेटी काढली. तिच्यात त्याचा ब्लो लॅम्प होता. जमिनीतल्या केबलीचे जोड वितळवायला वायरमन लोक तो वापरायचे. तोही रॉकेलचाच, तोही पंपाचाच. माझा चुलतभाऊच म्हणा. लीलाधरचा अनुभव असा, की आयुष्यात कुठलाही जोड सुटेना झाला की त्याला आग दाखवायची. केबलीला ते चालतं. पण माझ्या टाकीच्या बुडाला कथलाचा डाख असतो. तो नुसता सांधा, आगीपुढं लोण्यासारखा.

मी ओरडले. जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. पण पितळेचं ओरडणं माणसाला ऐकू येत नाही. चुलतभावाची निळी ज्योत माझ्या बुडाला लागली. पंप सुटला, लीलाधर आनंदानं नाचला, आणि त्याच वेळी माझा डाख उकलला. केसाएवढी फट पडली. आत पाणी भरून बघितलं तर खालून थेंब.

त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो मला मांडीवर घेऊन बसला. तेव्हा जर उठून रिक्षा करून हुस्नबानोकडे गेला असता! पण नाही. त्यानं दोन रंगांच्या गोळ्या मळून लावायचा लेप आणला, जो लोक गळक्या नळाला लावतात. तो बुडाला फासला. त्यावर सोनेरी रंग मारला. राणीच्या न्हाणीघराची अक्षरंही रंगाखाली गेली. मग फोटो काढून ग्रुपात टाकला. कुणी अंगठे धाडले, कुणी फुलं. एकानंही विचारलं नाही की हिच्या बुडाचं काय केलंस.

लग्नाला दोनच दिवस राहिले होते. लीलाधर सारखा मला उलटी करून बघायचा. कोरडी दिसली की सुस्कारा टाकायचा. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण ते आपल्याला ठाऊक नाही असं ठरवून तो फिरत होता. आणि मला तर आतून कळत होतं. साध्या हवेला तो लेप टिकेल. पण रॉकेल आणि पंपाचा जोर, त्यात वर स्पिरिटची ज्योत! मी फुटले तर दारात फुटेन. आणि दारात कोण असेल? महेक. जरीचे दुपट्टे. बुंदी खाणारी पोरं. मी कुणाला सांगू? सांगण्यासाठी माझ्याकडं एकच गोष्ट होती, ती म्हणजे गळणं. आणि तेही मला आपणहून करता येत नव्हतं.

लग्नाचा दिवस आला. गल्लीत मांडव, रंगीत दिव्यांच्या माळा, खुर्च्या. लीलाधर नवा सदरा घालून मला घेऊन आला. रॉकेल त्यानं कुठून मिळवलं ते मी सांगणार नाही, रेशनचं तर केव्हाच बंद झालं. हुस्नबानोनं मला बघितलं आणि म्हणाली, "या अल्ला, ही तर माझ्यापेक्षा जास्त नटली!" महेक मेंदीचे हात वर धरून बघायला आली. "दादी, एवढीशीच?" "एवढीशी? हिनं पहूरचे कोंबडे उठवले होते!"

हुस्नबानोनं मेंटल स्वतः बांधलं. गाठ मारताना तिनं श्वास धरला आणि गाठ सरळ बसली. नवं कोरं मेंटल, बाळाच्या टोपड्यासारखं मऊ. वाटीत स्पिरिट ओतलं. लांबून डीजेचा आवाज यायला लागला. बारात बरीच उशिरानं, पण निघाली होती.

"मी पेटवणार," हुस्नबानो म्हणाली. तिनं आगपेटी उघडून काडी हातात घेतली. "बारात आलीच, आधीच दम भरून ठेव. मार बेटा पंप."

लीलाधरनं पंप मारले. एक, दोन, आणखी थोडे. माझ्या पोटात जोर चढला. आणि लेपाखालून पहिला थेंब निघाला. मित्रांनो, त्या थेंबाला मी काय काय नवस बोलले असतील! बाहेर ये रे बाबा, लवकर ये, काडी ओढायच्या आत ये. पण नवस बोलून थेंब हलत नाही. तो त्याच्या गतीनं टाकीच्या कडेनं उतरत राहिला.

लीलाधरनं सवयीनं हाताची पालथी बाजू माझ्या बुडाला लावली. हात ओला झाला. त्यानं तो नाकाशी नेला. मग हुस्नबानोकडे बघितलं, तिच्या हातातल्या काडीकडे बघितलं, मेंदीच्या हातांच्या महेककडे बघितलं.

"चाची, काडी ओढू नका."

"का रे? बारात कोपऱ्यावर आली!"

"ओढू नका म्हणतो ना!" तो एवढ्यानं ओरडला की पोरं बुंदी टाकून मागं सरकली. त्यानं माझा हवेचा स्क्रू फिरवला. फुस्स करून माझा सगळा दम निघून गेला. मग तो मांडवातच उकिडवा बसला. "माझ्याच्यानं बिघडली, चाची. बुडाला आग दिली. सांधा उकलला. वरून लेप लावला, रंग फासला. तुम्हाला सांगितलं नाही."

हुस्नबानो त्याच्याकडे वळली. काडी अजून हातात.

"आणि हे ठाऊक असून तू मला काडी ओढायला लावत होतास?"

"हो."

"माझ्या नातीच्या दारात?"

तो जमिनीकडे बघायला लागला. उषा मागंच उभी होती, तीही खाली बघायला लागली. मला वाटलं आता ही म्हातारी मला उचलून त्याच्या डोक्यात घालणार. मी तयारच होते. पण तिनं काडी आगपेटीत परत ठेवली. ओढणीच्या पदरानं माझं ओलं बूड पुसलं, हळुवार, बाळाचं पुसावं तसं. टाकी रिकामी करून आणायला लावली, वाटीतलं स्पिरिट पुसून टाकलं. मग मला उचलून दाराच्या उंबऱ्याशेजारी स्टुलावर ठेवलं. विझलेलीच. विझलेली तरी कसं म्हणू, पेटलेच कुठं होते!

बारात आली. डीजेनं भिंती हलत होत्या, दिवे गरगरत होते. पुढं झैदचे आजोबा, काठी टेकत. वाकून मला बघायला लागले.

"समधन, तुमच्या जहांगीरभाईंची बत्ती पेटणार असं ऐकलं होतं. मी त्यासाठी मुद्दाम गाडीतून आधी उतरलो."

लीलाधरनं मान खाली घातली. हुस्नबानोनं मात्र मान वर केली.

"पेटली होती ना! सगळी गल्ली उजळली होती. हे तुमचे लाल-पिवळे दिवे तर दिसतसुद्धा नव्हते. तुमची वाट बघून बघून आत्ता, या क्षणी विझली. बारात वेळेवर आणायची असती!"

आजोबा ओशाळले. "फाट्यावर गाडीचं चाक बसलं हो. माफी असावी." आणि मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मी दगडासारखी थंड होते. आणि माझ्या गळ्यातलं मेंटल पांढरं, मऊ, कोरं होतं. जळलेलं मेंटल कसं दिसतं हे त्यांच्या वयाच्या माणसाला ठाऊक नसेल? त्यांनी ते बघितलं. बघताना मी त्यांना बघितलं. पण त्यांनी हात काढला नाही. मागं वळून सगळ्या बारातीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खरंच की! अजून गरम आहे!"

हुस्नबानोनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, ते मला खालून दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर तिनं लीलाधरला बोलावलं. "ही घेऊन जा. ज्यानं मोडली त्यानं सांभाळायची." तो काही बोलायला गेला तर म्हणाली, "पंपात गोडं तेल सोडून उलटी ठेवली असती, तर आपोआप सुटला असता. मला विचारायचं होतंस रे."

"लाज वाटली, चाची."

"आता वाटते तेवढी?"

तेव्हापासून मी त्याच्या कपाटावर आहे. आता कुणाची बत्ती आली की तो आधी रिक्षा करून हुस्नबानोकडे जातो, ती शिव्या घालते, मग सांगते. दोन बत्त्या चांगल्या पेटल्या. मी नाही. माझ्या बुडाला आता डाख धरत नाही, पितळच जळून गेलंय. पण माझ्या गळ्यातलं ते कोरं मेंटल त्यानं काढलेलं नाही. धूळ बसू नये म्हणून काच तेवढी पुसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत, पलंगाखाली माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. त्याला चमकवायची घाई करू नका. हत्यार उचलायच्या आधी विचारा. वस्तूला विचारून उपयोग नाही, ती बोलत नाही, मी बोलून बघितलंय. तिच्यापाशी आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते फार बोलेल, मधेमधे थापाही मारेल, पण ऐका.

त्या गल्लीत आजही सांगतात की महेकच्या लग्नात जहांगीरची बत्ती अशी पेटली होती, अशी पेटली होती! सांगणाऱ्यांपैकी कुणीच ती पेटलेली बघितली नाही. हुस्नबानोची ती एक थाप खरी करावी असं मला फार वाटतं. पण फुटक्या टाकीच्या बत्तीला नुसतं वाटून काय होतं?